तक्रारींचं पोतं

मुख्याध्यापिकाबाईंच्या पत्राला काकांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ते खणात पडून होतं तोवर त्यांचं कशातच चित्त लागत नव्हतं.

बाई निवृत्त होत्या. बाकीच्यांसारखी त्यांच्या पत्रात शिवीगाळ नव्हती, फक्त एक प्रश्न होता. 'आपल्या मुलाने गाडीखाली माणूस मारला हे कळल्यावर तुमच्या मालिकेतली आई त्याला स्वतः पोलिसांच्या हवाली करते, घरी येते, पान वाढून घेते आणि जेवते. त्या बाईला भूक लागतेच कशी?'

वाहिनीच्या कचेरीत जिन्याखालच्या खोलीत ते बसत. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती, निवृत्तीनंतर प्रेक्षकांच्या टपालाचं हे काम मिळालं. आलेल्या प्रत्येक पत्राला छापील पोच धाडायची, बस्स. अंगाने किडकिडीत आणि खुर्चीच्या कडेला टेकल्यासारखे बसत, म्हणून कचेरीत त्यांना मागून 'अनुस्वार' म्हणत. हे त्यांना माहीत होतं, आणि नाव चपखल आहे असंही वाटे.

ही मालिका सुरू झाली आणि पत्रांचा पूर लोटला. मालिकेत पार्श्वसंगीत नाही, रडारड नाही, चांगलं कोण आणि वाईट कोण ते कुणी सांगत नाही. लोक पिसाळले होते. शिपाई रोज सकाळी पोतं काट्यावर चढवायचा, वजन खडूने दारावर लिहायचा आणि पोतं टेबलाशी रिकामं करायचा.

"काका, आज कंबरेत उसण भरली माझ्या," तो म्हणाला. "एवढं लिहून हात दुखत नाहीत लोकांचे?"

"हाताचं काय घेऊन बसलात? माझा कान बघा," पलीकडून फोनवाल्या बाई म्हणाल्या. "आत्ताच एकीनं विचारलं, तुम्हाला आई आहे की नाही? म्हटलं, आहे, आणि तीही रोज ही मालिका बघून मलाच बोलते."

शिपाई गेल्यावर फोनवाल्या बाईंनी आवाज खाली आणला. "काका, मालिका गुंडाळायचं चाललंय म्हणे. वरच्यांनी महिनाअखेर पोत्याचं वजन मागवलंय."

काकांनी हातातलं पत्र खाली ठेवलं. "गुंडाळायची? पण ती अजून त्याला तुरुंगात भेटायला गेली नाहीये."

"ती जाणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण गेल्याशिवाय राहील का ती?"

त्या दिवशी छापील पोच त्यांनी बाजूला सारली आणि हाताने उत्तरं लिहायला घेतली. आपण कोण लागून गेलो, असं दर दोन ओळींनी वाटे. मग कागद फाडत आणि पुन्हा लिहीत.

एका शिंप्याने विचारलं होतं, 'घरात कुणी बोलतच नाही, आवाज बिघडलाय का?' त्याला त्यांनी लिहिलं, 'सुईत दोरा ओवताना आपण बोलता का? त्या घरात सगळ्यांची तीच गत झाली आहे.' असली आई आमच्यात नसते, असं बजावणाऱ्या एका वडिलांना लिहिलं, 'नसावी, असं मलाही वाटतं. पण शेजारी निघाली, तर तिला दार उघडायचं की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.'

लोक निवळत गेले. 'पुन्हा बघितली. आता तक्रार नाही,' एवढंच शिंप्याचं कार्ड आलं. वडिलांचं तर काहीच आलं नाही. दारावरचे आकडे उतरत गेले. शिपाई पोतं एका हाताने आणू लागला, मग काखेत.

"काय जादू केलीत?" फोनवाल्या बाईंनी विचारलं. "माझा फोनसुद्धा झोपलाय."

ते लाजले. मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र मात्र तसंच होतं. त्या प्रश्नापाशी त्यांची लेखणी अडे.

महिनाअखेर साहेबांनी वर बोलावलं. साहेबांपुढे वजनांचा कागद होता. शाबासकी मिळाली तर काय बोलायचं, हे ते जिन्यात मनाशी घोकत आले होते.

"बसा काका. मालिका बंद होतेय."

"साहेब, पण... तक्रारी तर थांबल्या!"

"म्हणूनच तर. लोक भांडतात तोवर बघत असतात. पोतं हलकं झालं म्हणजे बघणारे गेले. पत्रात काय लिहिलंय ते वाचायला वर कुणाला वेळ आहे? आम्ही वजन बघतो." साहेबांनी कागदाची घडी केली. "एवढे चिडलेले लोक एकाएकी कुठे गेले, देव जाणे. तुम्ही पोच पाठवत होतात ना वेळेवर?"

"हो," ते पुटपुटले.

"आठवड्याने वरचे सही करतील. तोवर पोतं फुगलं तर माझी ना नाही. पण आता कसलं फुगतंय!"

जिना उतरता उतरता त्यांना मुख्याध्यापिकाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. भूक कुठली लागायला? उद्या तुरुंगाच्या दाराशी त्याच्यासाठी कुणीतरी उभं राहायला हवं आणि पायात तेवढं बळ हवं, म्हणून ती जेवते. उत्तर इतकं पटणारं होतं, की त्यांनी ते लिहिलंच नाही.

त्याऐवजी कोरा कागद घेऊन त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'बाई, मालिका समजायला अक्कल लागते. तुम्ही शाळेत पोरांना काय शिकवलंत कुणास ठाऊक!' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मग शिंप्याचा पत्ता काढला, मग त्या वडिलांचा, आणि दिवस मावळताना तो सगळा गठ्ठा कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले.