कोपीतला साप

"कुणाला पटणार न्हाई, पण ब्याण्णव साली ऊसतोडीला गेलतो तवा पाचटाच्या कोपीत मी साप पाळलता," मी ओट्यावर रंगात येऊन सांगत होतो. "थंडी लई. शेगडी ठिवावी तर धुरानं गुदमरंल, कंदील ठिवावा तर कातडं भाजंल. मग बाटलीत गरम पाणी भरलं, लुगड्यात गुंडाळलं अन् पेटीत त्याच्याजवळ ठिवलं. ऊन तापल्यावर गडी गेला सळसळत उसात!"

"तात्या, नाव काय ठिवलतं सापाचं?" शेजारच्या भागवतनं हसत विचारलं.

चहा घेऊन आलेली माझी बायको दारातच थांबली आणि म्हणाली,



"साप कुठला रं, भागवत? सातव्या महिन्यात झालेली आमची लेक व्हती ती. नाव ठिवायच्या आधीच गेली. तिथंच फडाच्या बांधाला पुरलीय."