फोटोत नसलेली

या वर्षातल्या फोटोंत आनंदीचा एकही नव्हता.

विजयमालाने फोटो पुन्हा चाळले. खराडीच्या घरात, हॉलच्या फरशीवर तिने सगळा पसारा मांडला होता. सासूबाईंची, तुळजाबाईंची, पंचाहत्तरी जवळ आली होती आणि त्यांच्यासाठी ती घराचा अल्बम तयार करत होती. ज्वारीत उभे असलेले सासरे, बैलांच्या पाठीवर हात ठेवलेला तिचा तरणा नवरा जयसिंग, त्याच रानात पुढे झालेल्या इमारती. जुने फोटो भराभर चिकटवून झाले. नव्यांपाशी ती अडली. गणपतीत आनंदी नाही. दिवाळीत नाही. चुलतभावाच्या हळदीत नाही. मुलगी तर प्रत्येक वेळी घरातच होती.

मग तिच्या लक्षात आलं. हे सगळे फोटो आनंदीनेच काढले होते. "आण इकडे, आई, मी काढते," असं म्हणून तिने दर वेळी मोबाइल हातातून घेतला होता.

त्याआधी वर्षानुवर्षं घरातले सगळे फोटो विजयमालानेच काढले होते. ती कोथरूडची, बी. कॉम. झालेली. खराडी तेव्हा निव्वळ खेडं होतं. लग्न होऊन ती इथल्या शेतकरी घरात आली आणि रमलीही. आनंदीचा जन्म झाला आणि पाठोपाठ विजयमालाच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका उमटला. मग पापण्यांवर, मग बोटांवर. कोड. डॉक्टर म्हणाले, यापासून कुणाला काही धोका नाही. जयसिंग तर त्याबद्दल कधी अवाक्षर बोलला नाही. पण दिराच्या लग्नात फोटोग्राफरने तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "वहिनी, तुम्ही जरा मागच्या रांगेत जाता का? फ्लॅश चेहऱ्यावर चमकतोय." माणूस अगदी नम्रपणे बोलला होता. विजयमाला मागच्या रांगेत गेली आणि तिथूनही हळूच बाहेर पडली. कुणी हाक मारली नाही.

पुढे तिने हट्टाने कॅमेरा घ्यायला लावला. ते सोपं होतं. फोटो काढणारी बाई फोटोत का नाही, असं कुणी विचारत नाही. उलट कौतुकच झालं, विजयमालाला फोटोचा भारी नाद म्हणून. कुठे चुकून आलीच, तर ती कात्रीने स्वतःला कापून काढायची. आज सकाळीही तिने तेच केलं होतं. तिचे कातरलेले तुकडे अजून फरशीवरच पडले होते.

संध्याकाळी आनंदी ऑफिसातून आली. हेल्मेट काढलं, पण तोंडाभोवती गुंडाळलेला स्कार्फ तसाच ठेवला.

"वर्षभरात तुझा एकही फोटो नाही," विजयमाला म्हणाली.

"मीच काढत होते ना."

"मग आत्ता काढू. आजीजवळ बस."

"नको गं." आनंदीने मान झटकन वळवली.

ते मान वळवणं विजयमालाने ओळखलं. ते तिचंच होतं. ती उठली, लेकीजवळ गेली आणि स्कार्फची गाठ सोडवली. आनंदीने अडवलं नाही. कानाखाली, जबड्याच्या कडेने, एक पांढरा डाग खाली मानेवर उतरला होता.

"कधीपासून?"

"गौरींच्या आधीपासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

आनंदीची नजर फरशीवरच्या तुकड्यांवर गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी साधी गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं, "तुझं बघूनच तर शिकले, आई. मला वाटलं, असं झालं की आपण फोटोत यायचं नसतं. आपण फोटो काढायचे असतात."

विजयमालाला वाटलं, आपण खाली बसावं आणि मोठ्याने रडावं. इतकी वर्षं ती स्वतःला एकटीलाच कापत आली, अशी तिची समजूत होती. रडण्याऐवजी तिने लेकीचा हात धरला आणि तिला अंगणात नेलं. तुळजाबाई बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांच्या एका बाजूला तिने आनंदीला बसवलं, दुसऱ्या बाजूला स्वतः बसली. ओठांवरून पदर घेण्यासाठी हात सवयीने वर गेला. तो तिने मुद्दाम खाली आणून मांडीवर ठेवला.

"अहो, जरा बाहेर या," तिने जयसिंगला हाक मारली. "आमचा फोटो काढा."

"मी?" जयसिंग मोबाइल उलटसुलट करत राहिला. "मला कुठं येतंय?"

"वाकडा आला तरी चालेल. पण तिघी दिसायला हव्यात."

तो वाकडाच आला. तुळजाबाईंचं अर्धं डोकं बाहेर, आनंदीचे डोळे मिटलेले. विजयमाला मात्र मावळतीच्या उन्हात समोर बघत होती, पापण्यांवरच्या पांढऱ्या डागांसकट. तिने स्वतःला बराच वेळ पाहिलं. वाटलं होतं तेवढं परकं कुणी तिथे नव्हतं.

तुळजाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग लसणाने माखलेलं बोट पदराला पुसून सुनेच्या गालावरून फिरवलं, खऱ्या गालावरून.

"लई ब्येस झालं बाई," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मला आपलं वाटायचं, तू शिकल्याली, कोथरूडची. आमच्या अडाण्यांत हुभं ऱ्हायची लाज वाटत असंल तुला. म्हून कधी हाक मारली न्हाई."

विजयमालाला ती मागची रांग आठवली. तिने सासूच्या हातावर हात ठेवला.

"लाज वाटायचीच, आई," ती म्हणाली. "पण तुमची नव्हे."