गोरा ढग

"कोकिळाताई, तुमी तर ह्या ढगाला गोरं केलं की हो!"

सूर्यभान सरांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि कपाळाला हात लावला. कोकिळा बघतच राहिली. फोटो चांगला उजळ आला होता. मधोमध पांढराशुभ्र ढग, आणि त्यावर तिने कापसाच्या बोळ्याने हलका गुलाबी रंगही फिरवला होता, नवरीच्या गालांवर फिरवतात तसा. सवयीने फिरवला होता. मानवतमधल्या तिच्या वडिलांच्या स्टुडिओत आकाशाचा फोटो धुवायला यापूर्वी कधी आलाच नव्हता.

सर झरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दोन फळ्यांना बिजागरी आणि स्क्रू लावून, त्यावर कॅमेरा बसवून, ऐन थंडीत शेतात कुडकुडत त्यांनी मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधला वायूचा ढग, टिपला होता. स्क्रू हाताने हळूहळू फिरवत राहायचा, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांच्या मागे सरकत राहतो. एवढी खटपट करून हाती आला तो पावडर लावलेला ढग.

"ह्याच्या पोटात धागे हायेत, घड्या हायेत," सर म्हणाले. "तुमी छापताना कागदावरचा उजेड अडवला, सगळं पांढऱ्यात बुडालं. उजेड जास्त द्या, काळपट येऊ द्या. आन रंग नका लावू. दुर्बिणीतून राखाडी दिसतो, तसाच राहू द्या."

"काळपट आला तर लोक नावं ठेवतील, सर."

"ढगाला?" सर मोठ्याने हसले. कोकिळाला हसू आलं नाही.

उजेड अडवणं हे तिचं रोजचं काम होतं. डार्करूममध्ये निगेटिव्हचा फोटो मोठा करणाऱ्या एन्लार्जरखाली कागद ठेवला की तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा ती चेहऱ्यावर हलवत धरायची. कागदावर जिथे उजेड कमी पडतो, तिथे चेहरा गोरा येतो. आसपासच्या गावांतल्या कितीतरी सावळ्या पोरी तिने अशा गोऱ्या करून सोयरिकीला पाठवल्या होत्या. "उजळ काढ गं," एवढंच तिचे वडील बन्सीधर प्रत्येक निगेटिव्ह हातात देताना सांगायचे. तिची स्वतःची निगेटिव्ह देतानाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

ती चांगली काळीसावळी होती, फोटोत मात्र केतकीच्या रंगाची. त्या फोटोवर भुलून पाहुणे यायचे, पोहे खायचे, फोटोकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे. मग वडिलांची ठरलेली सारवासारव, "लाईट जरा जास्त पडली व्हती." आणि उठता उठता पाहुण्यांपैकी कुणाचं तरी ठरलेलं वाक्य, "पोरगी फोटोवानी न्हाई." दर लग्नसराईत हेच. कोकिळाला आता वाईटही वाटेनासं झालं होतं, उरला होता तो नुसता शीण. राग यायचा तो त्या फोटोतल्या बाईचा. पसंती सगळी तिला, अपमान सगळा हिला.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. कोकिळाने डार्करूमचं दार लावून घेतलं. लाल दिव्याखाली तिचा हात पुठ्ठ्याकडे गेला, तो तिने मागे घेतला. उलट ढगाच्या मध्यावर जास्तीचा उजेड दिला आणि कागद रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला. ढग काळपट आला. पण त्या काळपटातून बारीक बारीक धागे निघाले, पिंजलेल्या कापसासारखे. ती बघत बसली. आपण हे सगळं पुसून टाकलं होतं, याची तिला मनापासून लाज वाटली.

मग काही न ठरवताच तिने स्वतःची निगेटिव्ह काढली. उजेड अडवला नाही. ट्रेमधून हळूहळू एक काळी पोरगी वर आली. हनुवटीवर गोंदण, भुवईत लहानपणी पडल्याची खूण, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. गोऱ्या फोटोत यातलं काही म्हणजे काही नव्हतं.

"इतके दिवस कुठं व्हतीस गं बया?" ती कागदाला म्हणाली.

चुडाव्याच्या स्थळाला पाठवायचं पाकीट वडिलांनी तयार ठेवलं होतं. तिने त्यातला गोरा फोटो काढून हा घातला. आता कुणी येणारच नाही, हे तिला ठाऊक होतं. नकार यायचा तो घरबसल्या येईल, निदान पोहे तरी करावे लागणार नाहीत. त्या विचारानेच तिला किती दिवसांनी हलकं वाटलं.

पण पाहुणे आले. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसट्या उभ्या होत्या, तर चुडाव्याच्या धुरपताबाई मुलाला, राधाकिशनला, घेऊन रेल्वेने मानवत रोडला उतरल्या आणि मिळेल त्या गाडीने घरी येऊन धडकल्या. पोहे करताना कोकिळाच्या डोक्यात एकच घोळत होतं. वडिलांनी पाकीट पुन्हा उघडून फोटो बदलला असेल का? नाहीतर ही माणसं एवढ्या लांब कशाला आली असती? म्हणजे पुन्हा तेच. ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि मान खाली घालून उभी राहिली.

धुरपताबाईंनी पिशवीतून फोटो काढला. डोळ्यांजवळ धरून न्याहाळला. मग कोकिळाकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. बन्सीधरांना राहवेना. त्यांनी घसा खाकरला.

"लाईट जरा जास्त पडली व्हती, बाई. म्हणून फोटोत जरा..."

"कशाची लाईट?" धुरपताबाईंनी फोटो त्यांच्यापुढे धरला. बन्सीधरांनी तो काळा फोटो पाहिला आणि चमकून पोरीकडे बघितलं. कोकिळाला हसू आवरेना, तिने ओठ दाबून धरले.

"ह्ये बगा, हसायली बी तशीच," धुरपताबाई म्हणाल्या. "पोरगी फोटोवानीच हाय की!"