कोपऱ्याचा दगड

"पाया काळ्या दगडाचा भर, मग वर माती चालते," असं ओवरसियर सांगून गेला, म्हणून गोमाजीनं नदीकाठचं पडकं घर पुन्हा बांधायला दगड जमवले. एका कोपऱ्याचाच कमी पडला. परसातल्या निंबाखाली तसा एक होता, शेंदूर फासलेला. मागल्या दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून त्याला कोणी फूल वाहिलं नव्हतं.

"तोच लावा ना," त्याची बायको बायजा म्हणाली.

"देवाले भितीखाली गाडू?"

"आता कुठचा देव?"

शेवटी बायजानंच शेंदूर खरवडला.

आखाडात पूर आला. शेजारपाजारच्या भिंती विरघळल्या, गोमाजीची उभी राहिली. पाणी ओसरल्यावर तो कोपऱ्यापाशी गेला आणि नकळत त्याचे हात जुळू लागले. मग तो चपापला. जोडावे तर दीक्षेतली शपथ मोडते, न जोडावे तर जीव मानत नाही. हात तसेच अर्ध्यावर राहिले.

"बायजे, हे कोणाचं काम समजू? देवाचं का दगडाचं?"

"देव होता तवा दरसाली भित पडे," बायजा चिखल उपसत म्हणाली. "दगड झाला अन् कामाले आला."