साहेबरावांचा कट्टा

"मामा, आता त्या वायरीला हात लावू नका," अक्षता म्हणाली.

सारी हयात वीज मंडळात वायरमन म्हणून काढलेल्या माणसाला हे ऐकून घेणं जरा जडच. पण साहेबराव मुकाट्यानं बाजूला सरकले. त्यांना काम जल्दी व्हायला हवं होतं.

अक्षता म्हणजे साहेबरावांची बायको कौसल्याबाई, त्यांच्या भावाची मुलगी. संभाजीनगरला एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची. दिवाळीच्या सुट्टीत टेंभुर्णीला आत्याकडे आली आणि पायातली चप्पल काढायच्या आत साहेबरावांनी तिला कामाला लावलं. मुलाचा जुना कॉम्प्युटर पुसून तयार होता. त्याला इन्व्हर्टरची लाइनही देऊन झाली होती. अक्षतानं त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं, आणि आता काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत होत्या.

साहेबरावांना गावासाठी स्वतःचं फेसबुक हवं होतं. आपल्या घरातल्या मशीनवर चालणारं, कुठल्या कंपनीचं नाही, कुणा ॲडमिनच्या मेहेरबानीचं नाही. म्हणजे ॲडमिन असणारच, पण तो साहेबराव.

"गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, मामा?"

"त्याचं नाव काढू नको."

त्या ग्रुपचा ॲडमिन मच्छिंद्र. शाळेपासूनचा दोस्त. रोज संध्याकाळी स्टँडजवळच्या कट्ट्यावर दोघांची बैठक ठरलेली. गेल्या वर्षी गावात विजेची नवी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसणार होती. साहेबरावांचं म्हणणं ती शाळेमागं हवी, मच्छिंद्रचं म्हणणं ओढ्याजवळ. ग्रुपवर दोघांची जुंपली आणि गावाची फुकट करमणूक झाली. त्यातच साहेबरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फोनकडे बघायला बिलकुल मनाई केली. मनाई उठल्यावर त्यांनी फोन हातात घेतला, तर ग्रुपच गायब.

"माणूस डोळे मिटून पडलेला बघून काढलं मला," साहेबराव म्हणाले. "समोर भांडायची हिंमत न्हाई झाली त्याची."

"तुम्ही विचारलं का त्यांना?"

"कशाला? हाकललेल्या माणसानं परत दारात जायचं का? इज्जत हाय का न्हाई काही?"

वरून गावातले लोक भेटले की विचारायचे, "तात्या, ग्रुप का सोडला?" साहेबरावांना ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटायचं. सोडला म्हणे! ही अफवाही मच्छिंद्रचीच असणार. त्यांनी कट्ट्यावर जाणं बंद केलं. मच्छिंद्रच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. त्या दिवशी घरात बसून त्यांनी पंखा खोलून दुरुस्त केला. पंख्याला काही झालेलं नव्हतं. खरं म्हणजे त्या माणसावाचून त्यांना करमत नव्हतं, पण हे त्यांनी मेले तरी कबूल केलं नसतं.

कौसल्याबाई चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"अक्षू, यात कुणाला काढलं तर परत घेता येतं का गं?"

"येतं की, आत्या. ॲडमिनच्या मनात पाहिजे फक्त."

साहेबराव हसले. "तिला कशाला समजावून राह्यली? फोन उचलायचं हिरवं बटन तेवढं कळतं तिला."

कौसल्याबाई कप ठेवून आत गेल्या.

मध्येच काम अडलं. मशीनची मेमरी कमी पडली होती. अक्षतानं हार्ड डिस्कचा थोडा भाग मेमरी म्हणून वापरायला दिला आणि ओळी पुन्हा सरकू लागल्या. साहेबरावांना ते लगेच पटलं. लोड वाढला की दुसऱ्या फेजवरून लाइन घ्यायची, तसलंच हे.

दुपारी 'टेंभुर्णी कट्टा' सुरू झाला. पहिलं खातं साहेबरावांचं, म्हणून मालकीही त्यांची. येणाऱ्या माणसाचा अर्ज आधी त्यांच्यापुढे येणार. हिरवं बटन दाबलं की माणूस आत, लाल दाबलं की बाहेर.

"पण मामा, लाल जपून दाबा. समोरच्याला लगेच कळतं, तुम्ही नाकारलं म्हणून."

"कळू दे की."

साहेबरावांनी शेजारच्या रामप्रसादला कट्ट्याचा पत्ता पाठवला. रामप्रसादला सांगितलं म्हणजे दवंडी पिटल्यासारखंच. चहा निवायच्या आत अर्ज यायला लागले. साहेबराव हिरवं दाबत सुटले. चेहरा कसा खुलला होता.

मग त्यांचा हात थांबला.

पडद्यावर मच्छिंद्रचं नाव होतं. 'कट्ट्यावर का यायचं आहे?' या प्रश्नाखाली त्यानं एकच शब्द लिहिला होता. 'बसायला.'

साहेबराव बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"वर्षभर भायेर ठेवलं मला. आता त्याला बी कळू दे, कसं वाटतं ते." त्यांनी माउस लाल बटनावर नेला.

"थांबा," दारातून कौसल्याबाई म्हणाल्या. "घ्या त्यांना आत."

"तू मधी पडू नको. तुला काय कळतं यातलं? हिरव्या बटनाच्या पुढं कधी गेली का तू?"

कौसल्याबाईंनी ओले हात पदराला पुसले, जवळ आल्या आणि माउसवरचा त्यांचा हात धरला.

"लाल बी कळतं मला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं मना केल्तं, तरी तुम्ही भांडायला फोन मागून राह्यल्ते. तवा ग्रुप सोडायचं लाल बटन मीच दाबल्तं."