खोलीचं माप

त्यानं केबलचं एक टोक साउंडकार्डच्या बाहेर जाणाऱ्या भोकात खोचलं, दुसरं आत येणाऱ्यात. कार्डानं आधी स्वतःचंच ऐकायचं, स्वतःची खोट मोजायची, मग जगाची. सभागृहांचे आवाज मोजण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, पण ही पायरी त्यानं कधी गाळली नव्हती. पडद्यावर रेघ सरळ आली.

"कार्डात काही खोट नाही," तो म्हणाला. "आता उगाच यंत्राच्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

"मी कधी मोडली?" बायको म्हणाली.

सात महिने तिचं एकच पालुपद. छोटीच्या खोलीत घूं घूं आवाज येतो. छोटी त्यांची एकुलती एक. अकरा वर्षांची पोर, तापाचं निमित्त झालं आणि गेली. बायको रोज दुपारी तिच्या पलंगावर जाऊन पडायची आणि बाहेर येऊन तेच सांगायची. तो समजावून थकला, मग चिडला, मग घाबरला. शेवटी त्यानं डॉक्टरांची वेळ घेतली, उद्याची. कसले डॉक्टर ते कोणी बोललं नाही, पण ती काही दुधखुळी नव्हती. तिनं एकच अट घातली.

"आधी मोजून बघा. तुमचं यंत्र नाही म्हणालं, तर निमूट येईन."

म्हणून सुट्टीच्या दिवशी हा पसारा. माइक कामावरचा, कॉम्प्युटर छोटीचाच, बाहेरच्या खोलीतला. त्यानं माइक बायकोपुढे धरला. "उशीवर ठेवून ये."

"तुम्हीच ठेवा की."

"इथे तार सांभाळायला कोणी नको?"

तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि माइक घेऊन आत गेली. सात महिन्यांत त्या उंबऱ्याच्या आत त्याचं पाऊल पडलं नव्हतं. वेळच कुठे असतो, म्हणायचा.

पंखे बंद केले. दोघंही श्वास रोखून बसली. रेघ तळाला गेली ती तिथेच राहिली, अगदी सपाट.

"बघ," तो म्हणाला. जिंकल्याचा आनंद काडीचाही झाला नाही. बायको उठली आणि डॉक्टरांकडे न्यायचे कागद शोधायला लागली.

तेव्हा कुठे त्याला खटकलं. इतकी मुकी खोली त्यानं वीस वर्षांत पाहिली नव्हती. त्यानं कॉम्प्युटरवरची माइकची सेटिंग उघडली. 'सततचा आवाज गाळा' यापुढे बरोबरची खूण होती. नवशिकासुद्धा आधी ही खूण काढतो! आणि ती त्यानंच लावलेली. ऑनलाइन शिकवणीच्या बाई ओरडायच्या, तुमच्याकडे सारखं काय घूं घूं चाललंय? तेव्हा छोटी म्हणाली होती, "बाबा, आवाज घालवा हं, मासे नका घालवू."

त्यानं खूण काढली. रेघेनं शंभरच्या आकड्यावर, खालच्या घुमणाऱ्या स्वरांच्या जागी, टोक काढलं.

कॉम्प्युटरशेजारची माशांची टाकी त्यानं छोटी गेल्यावर आठवड्याच्या आत शेजारच्या मावशींना देऊन टाकली होती. नजरेसमोर नको म्हणून. बायकोला विचारलंही नव्हतं. मावशींनी ती छोटीच्या खोलीच्याच भिंतीला, पलीकडून, लावून ठेवली असणार.

तो उठला. खोलीत गेला, पलंगावर गुडघे टेकून भिंतीला कान लावला. घूं घूं. हवेचा तोच पंप. त्याला हुंदका आवरेना.

बायको दारात येऊन उभी राहिली.

"अगं, पंप आहे," तो म्हणाला. "छोटीच्या माशांचा. तू खरंच सांगत होतीस गं."

"पंप आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली आणि पलंगावर त्याच्या शेजारी टेकली. "तुम्ही कधी आत येताय, त्याची वाट बघत होते."