डाव्या हाताकडची सीट

जागेश्वरनं डावा हात सीटच्या कडेला नेला. बटणांच्या जागी एक आखूड खटका हाताला लागला. त्यानं पुन्हा चाचपलं. खटकाच होता, प्लास्टिकचा.

अर्धांगवायूनं उजवी बाजू नेली तेव्हापासून घास कालवून द्यायला बायको तुळजाबाई लागायची, शर्टाच्या गुंड्या लावायला सून लागायची आणि अंघोळीला मुलगा. एवढं एक मात्र त्याचं त्याला करता यायचं. व्हीलचेअरवरून उचलून गाडीत ठेवलं की पुढचं तो बघून घ्यायचा. एक बटण दाबलं की सीट पुढे सरकायची, दुसरं बटण दाबलं की पाठ सरळ व्हायची. कोणाला हाक मारायची गरज नव्हती.

"ब... बटण," तो म्हणाला. जीभ जड झाल्यापासून त्याचं बोलणं पुरतं कळायचं ते एकट्या तुळजाबाईला. पण हा शब्द अंकुरलाही कळला.

"मोटर जळली होती, बाबा. गाडी सर्व्हिसिंगले टाकली तेव्हा समजलं. आता साधी सीट बसवली. बसाले सारखीच आहे."

जागेश्वर मुलाकडे बघत राहिला. मागच्या मंगळवारी प्रताप नगरहून व्यायामाचे उपचार घेऊन परत येताना पाठ भरून आली, तेव्हा त्यानं ही सीट दोनदा मागे-पुढे केली होती. सक्करदऱ्यात घरी पोचेपर्यंत ती कुठं अडली नव्हती.

फाटकात अंकुरची नवी गाडी आडवी उभी होती. याच कंपनीची, अशीच, फक्त खालच्या मॉडेलची. ती बाजूला घ्यायला सून दामिनी आत बसली. नवऱ्यापेक्षा ती बरीच बुटकी. दार उघडंच होतं. जागेश्वरच्या डोळ्यांसमोर ती जागची न हलता, अलगद, सीटसकट पुढे सरकली. बारीक घूं असा आवाज झाला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

त्यानं डावा हात उचलून तिकडे दाखवलं. मागे पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या तुळजाबाईनं वाकून पाहिलं. सीटचा तो तपकिरी रंगही तिच्या ओळखीचा होता.

"अंकुर, त्या तं ह्याईच्या सीटा आहेत."

अंकुरनं मोबाइल खिशात टाकला. "आहेत. मग? मले रोज बुटीबोरीले जा-ये करा लागते, आई. संध्याकाळपर्यंत कंबर धरते. बाबा हप्त्यातून एक दिवस गाडीत बसतात. एका दिवसासाठी एवढ्या भारी सीटा ठेवून काय करायचं? दोन्ही गाड्यांच्या सीटांची अदलाबदल केली, बस."

"मग मोटर जळली काहून म्हणाला? विचारलं काहून नाही?"

"विचारून काय होणार होतं? त्याईले समजवता समजवता दिवस गेला असता."

हे त्यानं बापासमोरच म्हटलं, पाळण्यातल्या पोराच्या डोक्यावरून बोलावं तसं.

दामिनी गाडी बाहेर लावून परत आली होती. तिच्या कानावर शेवटचं वाक्य पडलं. "तुम्ही तं मले म्हणाले होते, बाबाच म्हणाले घेऊन जा म्हणून."

"तू चूप राह्य," अंकुर म्हणाला. "उशीर होऊन राहिला."

तो दार लावायला आला तेव्हा जागेश्वरनं डाव्या हातानं दाराची कड धरली. गाडी माझी आहे, माझ्या पैशाची आहे, असं त्याला म्हणायचं होतं. एवढं लांब वाक्य जिभेवर येईना, म्हणून त्यानं हाताची पकड घट्ट केली. अंकुरनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, हळूच, दुखू न देता. त्या हळूपणाचाच जागेश्वरला जास्त संताप आला.

"पाय अडकून राहिले तुमचे. सीट मागे घेतो," म्हणत अंकुर खाली वाकला. साध्या सीटची दांडी पायांपाशी, अगदी खाली असते. ती सापडेना. त्याचं डोकं बापाच्या पावलांना टेकलं. दांडी हाती आली तशी त्यानं दुसऱ्या हातानं सीट रेटली. जागेश्वर सीटबरोबर गचकन मागे गेला. इतवारीतल्या त्याच्या कापडाच्या दुकानासमोर हमाल हातगाडीवरचे गठ्ठे असेच रेटून बसवायचे. पुन्हा दांडी, पुन्हा धक्का.

तेवढ्यात शेजारचे नत्थूजी दुधाची पिशवी घेऊन फाटकावरून चालले होते. ते थांबले. वाकलेला अंकुर आणि बापाची पावलं, एवढंच त्यांना दिसलं.

"वा, अंकुर," ते म्हणाले. "बापाच्या पायावर डोकं ठेवून घराबाहेर निघते. आजकाल कोन करते गा असं?"

अंकुर वाकलेलाच राहिला. जरासा हसला. नाही म्हणाला नाही.

जागेश्वरच्या मानेच्या शिरा ताठल्या. अंगातला उरलासुरला जोर त्यानं एका शब्दामागे लावला. ओठ वाकडे झाले, लाळ हनुवटीवर आली.

"च... चो..."

नत्थूजी जवळ आले. "काय म्हणून राहिले जागेश्वरजी?"

"चहा," अंकुर खालूनच म्हणाला. "तुमाले चहाले बोलावून राहिले."

"येतो नं. संध्याकाळी येतो निवांत."

मागची काच खाली आली. तुळजाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"चहा नाही, नत्थूजी," ती म्हणाली. "चोर म्हणून राहिले ते."